कार्बन लावलेलं पाकीट

बिटकॉइनचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "पण ते निनावी असतं ना? काळा पैसा लपवायला बरं." गप्पांत मी हे ऐकून सोडून देतो, पण गोष्ट जवळजवळ उलटी आहे. बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार जगातल्या कुणालाही, कधीही, फुकट वाचता येतो. खरोखर निनावी राहू शकेल असा डिजिटल पैसा त्याच्या २६ वर्षं आधी सुचलेला होता. तो चालला नाही. मला त्या न चाललेल्या पैशाबद्दल जास्त कुतूहल आहे.

डेव्हिड चॉम या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९८२ साली एक छोटा निबंध सादर केला. पैसे संगणकावरून दिले-घेतले जाऊ लागले की काय होईल, ही त्याची काळजी. माणूस कुठे प्रवास करतो, कुठे जेवतो, कुठली औषधं आणि पुस्तकं घेतो, दारूवर किती उडवतो, कुठल्या धर्मसंस्थेला नि पक्षाला देणगी देतो, हे सगळं मधल्या माणसाला कळणार. १९८२ साली! तेव्हा आपल्याकडे बँकेत पासबुकं हाताने भरली जात होती.

डिजिटल पैशाची पहिली अडचण अशी की तो आकडाच असतो, आणि आकड्याच्या हव्या तितक्या नकला निघतात. तेच शंभर रुपये दोन दुकानांत चालवले तर? ही चिंता संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. हुंडीचे पैसे चुकते झाले की ती रद्द करून ठेवत. अशा हुंडीला खोका म्हणत. (आजच्या राजकारणातल्या खोक्यांशी संबंध जोडायचा मोह आवरावा.) हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत म्हणजे पैठ, पैठही हरवली तर परपैठ. एकाच रकमेचे पैसे दोनदा उचलले जाऊ नयेत यासाठी पेढ्यांना इतका बंदोबस्त लागे. बँकेला संगणकावर हे सोपं आहे: प्रत्येक नाण्याला क्रमांक द्यायचा आणि खर्च झालेल्या क्रमांकांची यादी ठेवायची. पण मग कुठला क्रमांक कुणाला दिला, हेही बँकेकडे राहतं.

चॉमची युक्ती इथे आहे. ती समजवायला त्याने स्वतःच आतून कार्बन लावलेल्या पाकिटाची उपमा वापरली होती. समजा, मी एका चिठ्ठीवर मनाने एक लांबलचक क्रमांक लिहिला, चिठ्ठी तशा पाकिटात घालून बंद केली आणि बँकेला दिली. बँक माझ्या खात्यातून शंभर रुपये वजा करते आणि पाकिटावर बाहेरून 'शंभर'ची सही करते. कार्बनमुळे सही आतल्या चिठ्ठीवर उमटते, क्रमांक मात्र बँकेला दिसत नाही. मी घरी येऊन पाकीट फाडतो, चिठ्ठी दुकानदाराला देतो. दुकानदार ती बँकेकडे पाठवतो. बँक बघते: सही आपलीच, हा क्रमांक आधी आलेला नाही, म्हणजे पैसे द्यायला हरकत नाही. पण ही चिठ्ठी कुणाच्या पाकिटातली, ते तिला कळायला मार्ग नाही. पाकिटाचं हे काम चॉमने गणिताने करून दाखवलं.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. हा आडपडदा एकतर्फी आहे. देणारा दिसत नाही, घेणारा दिसतो. कारण घेणाऱ्याला ते नाणं बँकेत आणावंच लागतं. भाजी घेणारी बाई अदृश्य राहते, लाच घेणारा राहत नाही. विक्री लपवून कर बुडवणंही अवघड. 'निनावी पैसा म्हणजे गुन्हेगारांची सोय' या आक्षेपाला इतकं सरळ उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

चॉमने ॲमस्टरडॅमला डिजिकॅश नावाची कंपनी काढली. १९९५ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या मार्क ट्वेन बँकेने हे पैसे ग्राहकांना द्यायला सुरुवात केली. १९९८ साली डिजिकॅशचं दिवाळं निघालं. ग्राहक कमी म्हणून दुकानं येईनात, दुकानं कमी म्हणून ग्राहक येईनात. शिवाय क्रेडिट कार्ड होतंच, आणि लोकांना त्यात काही खुपत नव्हतं.

३१ ऑक्टोबर २००८ला सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्याच्या संदर्भसूचीत चॉमचं नाव नाही, आणि मला ते साहजिक वाटतं. सातोशीचा प्रश्न वेगळा होता: बँकच नको असेल तर नाणं दोनदा खर्चलं जाणार नाही हे कुणी पाहायचं? उत्तर: सगळ्यांनी. म्हणजे खतावणी सगळ्यांपुढे उघडी. त्यात नावं नसतात, पत्ते म्हणून आकडे-अक्षरांच्या ओळी असतात. पण एका पत्त्यामागचं नाव कळलं की माग काढता येतो. काही दुवे लपणार नाहीत, हे त्या आराखड्यातही कबूल केलेलं आहे. २०१६मध्ये बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून सुमारे १ लाख २० हजार बिटकॉइन चोरीला गेले. साडेपाच वर्षांनी, फेब्रुवारी २०२२मध्ये, अमेरिकी तपासयंत्रणांनी त्यातले ९४ हजारांवर परत मिळवले. चोरांनी मधल्या काळात पैसे नाना पत्त्यांवरून फिरवले होते. ते फिरवणं वहीत लिहिलेलं होतं.

मग निनावी काय उरतं? खिशातली नोट. तिच्यावर वचन 'धारका'ला दिलेलं असतं, धारकाचं नाव नसतं. नोव्हेंबर २०१६मध्ये पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा काळ्या पैशाची चर्चा फार झाली. रिझर्व्ह बँकेच्याच हिशोबाने त्यातल्या ९९.३ टक्के नोटा परत आल्या. माझ्या लक्षात राहिले ते डाळी-तांदळाच्या डब्यांतून निघालेले पैसे. घरखर्चातून वाचवलेले, नवऱ्याला, सासूला ठाऊक नसलेले. कुणी माहेरच्या अडीनडीसाठी ठेवलेले, कुणी नुसते आधार म्हणून. ते बँकेत भरायचे तर आधी घरात सांगावे लागले. हा पैसा काळा नव्हता, खाजगी होता. सरकारपासून लपायची त्या बायकांना गरजच नव्हती. लपायचं होतं ते स्वयंपाकघराबाहेर बसलेल्या माणसांपासून. यूपीआय मीही रोज वापरतो, त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. पण ज्या घरात बायकोचा फोन नवरा उघडून बघतो, तिथे त्या यादीला डब्याचं झाकण नाही.

रिझर्व्ह बँकेने २०२२च्या अखेरीस डिजिटल रुपया प्रायोगिक स्वरूपात आणला. आधी काढलेल्या टिपणात छोट्या व्यवहारांना रोखीसारखी निनावी मुभा देण्याचा विचार होता. चॉमचं पाकीट या कामाला अजूनही चालण्यासारखं आहे.

तोवर मी औषधं रोखीने घेतो. परवा दुकानदाराने सुटे परत देता देता विचारलं, "मोबाइल नंबर सांगा ना, काका. दहा टक्के सूट बसेल." बिल सहाशे चाळीसचं होतं. मी नंबर सांगितला.