पतधोरणाची सूत्रे कोणाच्या हाती?

गृहकर्जाचा हप्ता आणि बँकेतील ठेवीवरचे व्याज यांना दिशा देणारा रेपो दर कोणी ठरवावा, हा वाद जुना आहे. रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण १९४९ मध्ये झाले. १९५७ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याशी मतभेद झाल्याने गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी राजीनामा दिला. सरकारची तूट बँकेच्या पैशातून आपोआप भागविणारी तात्पुरत्या ट्रेझरी बिलांची पद्धत १९९७ मध्ये थांबली.

२०१६ च्या कायदादुरुस्तीने रेपो दराचा निर्णय सहा सदस्यांच्या पतधोरण समितीकडे आला. त्यांतील तिघे बँकेचे, तर तिघे सरकारनियुक्त असतात. समसमान मते पडल्यास गव्हर्नरांचे मत निर्णायक ठरते. महागाईचे लक्ष्य मात्र सरकारच, बँकेशी विचारविनिमय करून, दर पाच वर्षांनी ठरविते. २०१६ मध्ये ते ४ टक्के ठरले. त्यात २ टक्के कमी-अधिक होण्याची मुभा होती. म्हणजे मुक्काम सरकारने सांगायचा आणि वाट बँकेने निवडायची.

सलग तीन तिमाहींत सरासरी महागाई या मर्यादेबाहेर राहिल्यास बँकेला सरकारकडे लेखी कारणे द्यावी लागतात. २०२२ मध्ये प्रथमच तशी वेळ आली. परंतु ते पत्र तेव्हा जनतेसमोर ठेवले गेले नाही. महागाईची झळ सोसणाऱ्या नागरिकांना ती कारणे कळल्याखेरीज बँकेची स्वायत्तता उत्तरदायी कशी म्हणता येईल?