भाषांतर सोयीचं की राखणीचं?

१९४७ चा जमीन एकत्रीकरणाचा कायदा आला आणि अनेक गावांत जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. जुना नंबर घेऊन आलेल्याला तलाठी दप्तरातून गट शोधून देतो, हे शिंदखेड्याच्या श्रोत्यांना काय सांगावं! संगणकातही असंच एक दप्तर असतं. त्याचा इतिहास आज आपण पाहू.

१९६२ च्या मँचेस्टरमधील ॲटलस संगणकात प्रोग्रॅमचा पत्ता वेगळा आणि स्मृतीतली खरी जागा वेगळी, अशी सोय झाली. पुढे कर्नलने प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतंत्र दप्तर दिलं. एकाला दुसऱ्याच्या शेतात जाता येईना. पण डिस्क, नेटवर्क कार्ड ही उपकरणं? प्रोसेसरचा वेळ वाचावा म्हणून त्यांना स्मृतीत थेट प्रवेश मिळाला. यालाच डीएमए म्हणतात. प्रोसेसरची तपासणी त्यांना लागूच नव्हती.

त्यात जुन्या कार्डांना १६ एमबीपलीकडचे, नंतरच्या बऱ्याच कार्डांना ४ जीबीपलीकडचे पत्ते कळत नसत. मग कर्नलने माहिती आधी खालच्या भागात उतरवायची आणि तिथून पुन्हा हलवायची, म्हणजे दुप्पट काम. मध्ये भाषांतर करणारा 'आयओएमएमयू' आला की कार्डाने लहान पत्ता सांगायचा, पोचायचं मात्र दूरच्या जागी. म्हणजे बघा, तेव्हा हे भाषांतर मुख्यतः सोयीसाठी होतं.

२००४ मध्ये फायरवायर पोर्टला उपकरण जोडून संगणकाची स्मृती वाचता येते, हे दाखवलं गेलं. तेव्हा दप्तराचा दुसरा उपयोग ठळक झाला: ज्याची नोंद नाही, तिथे प्रवेश नाही. इंटेलच्या अशा भाषांतराची सोय लिनक्समध्ये २००८ च्या २.६.२४ आवृत्तीत आली.

आता कर्नलची मांडणी करणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. 'स्ट्रिक्ट'मध्ये काम संपताच नोंद आणि तिची जवळ ठेवलेली नक्कल, दोन्ही लगेच पुसतात. 'लेझी'मध्ये नकला थांबून, एकदम पुसतात. वेग वाढतो, पण तेवढ्या वेळात उपकरण जुन्या नोंदीवर आत जाऊ शकतं. 'पासथ्रू'मध्ये भाषांतरच नाही, उपकरणाला स्मृती थेट खुली.

२०१९ च्या 'थंडरक्लॅप' संशोधनाने आणखी एक गोष्ट दाखवली. राखण चालू असूनही थोड्याशा माहितीसाठी ४ केबीचं अख्खं पान उघडलं जातं आणि शेजारची माहितीही दिसते.

तत्त्वज्ञानात आपण विचारतो, विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा? इथे तो प्रश्न एका सेटिंगच्या रूपात समोर येतो. म्हणून 'कुठलं सेटिंग वेगवान?' एवढंच विचारून भागत नाही. या पोर्टला उद्या कोण काय जोडणार आहे, हे आपण आधी विचारलं पाहिजे.