श्वान-छायाचित्रणाचा इतिहास : स्थिरतेच्या अटीकडून संयमाच्या शिस्तीकडे

प्रस्तावना :

छायाचित्र हे आधुनिक इतिहासलेखनाचे महत्त्वाचे साधन मानले जाते. मात्र छायाचित्रात कोण दिसतो, या प्रश्नाइतकाच कोण दिसत नाही, हा प्रश्नही अभ्यासकाला विचारावा लागतो. वर्धा-आर्वी मार्गावरील आंजी (मोठी) सारख्या गावात शेताची राखण करणारा आणि गुरांमागे रानात जाणारा गावठी कुत्रा हा ग्रामजीवनाचा अविभाज्य घटक आहे. तरीही जुन्या कौटुंबिक छायाचित्रांत तो सापडणे कठीण असते. या अनुपस्थितीचे कारण केवळ माणसाच्या अनास्थेत नसून छायाचित्रणाच्या तंत्रातही आहे. बुजऱ्या व चपळ श्वानांच्या छायाचित्रणाच्या अनुषंगाने तंत्र आणि ऐतिहासिक पुरावा यांचा संबंध तपासणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

स्थिरतेची अट :

आरंभीच्या छायाचित्रणाची पहिली अट स्थिरता ही होती. दागेर याने १८३८ मध्ये पॅरिसमधील एका वर्दळीच्या रस्त्याचे चित्र घेतले. प्रकाशनाचा काळ काही मिनिटांचा असल्याने चालती माणसे व वाहने त्यात उमटलीच नाहीत. बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला मनुष्य तेवढा उरला. १८५१ मध्ये आर्चर याने ओल्या कोलोडियन काचेची पद्धत प्रसिद्ध केली व हा काळ सेकंदांवर आला. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, ती याच काळात. तथापि काही सेकंदांची स्थिरतादेखील कुत्र्याला अवघड होती. माणसाचे डोके लोखंडी आधाराने रोखून धरता येई. कुत्र्याच्या बाबतीत तो उपाय चालत नसे. परिणामी झोपलेला, शिकवलेला वा मालकाच्या पायाशी बसवलेला कुत्रा चित्रात स्पष्ट उमटे; चपळ कुत्र्याचा धूसर डाग होई आणि बुजरा कुत्रा चौकटीबाहेर निघून जाई.

१८७१ मध्ये मॅडॉक्स याने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. पुढे तिच्यात सुधारणा होत गेल्या आणि क्षणार्धाचे चित्र शक्य झाले. मायब्रिज याने १८७८ मध्ये धावत्या घोड्याची क्रमचित्रे घेतली. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ७८१ पट्टांच्या ग्रंथात श्वानांच्या गतीचाही समावेश आहे. येथे प्रथमच प्राण्याची हालचाल हा दोष न राहता अभ्यासाचा विषय झाली.

प्रतिष्ठा आणि अनुपस्थिती :

तंत्र सुधारले, तरी निवडीचा प्रश्न संपला नाही. मुधोळच्या घोरपडे संस्थानाने ज्या शिकारी श्वानांची जोपासना केली, त्या मुधोळ जातीला २००५ मध्ये भारतीय टपाल तिकिटावर स्थान मिळाले. त्या वेळी चार भारतीय श्वानजातींची तिकिटे प्रसिद्ध झाली होती. राजाश्रय लाभलेल्या जातीची नोंद अशा रीतीने राहते. नाव नसलेल्या गावठी कुत्र्यामागे मात्र वंशावळ नसते, संस्था नसते आणि म्हणून चित्रही नसते. माणसांच्या बाबतीतही हेच घडलेले दिसते. १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथात सामान्य माणसांची चित्रे आहेत. पण त्यांतील बहुतेकांची ओळख व्यक्ती म्हणून नसून जातीजमातीचा नमुना म्हणून आहे.

सेवाग्रामचा धडा :

या विषयाला वर्धा जिल्ह्यातूनच एक दिशा मिळते. गांधीजींचे चुलत पुतणे नारणदास गांधी यांचे पुत्र कनु गांधी यांनी सेवाग्राम आश्रमात छायाचित्रे घेण्यास सुरुवात केली. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या १०० रुपयांतून त्यांना रोलिफ्लेक्स कॅमेरा मिळाला. गांधीजींनी तीन अटी घातल्या : फ्लॅश वापरायचा नाही, चित्रासाठी कोणी पवित्रा घेऊन बसणार नाही आणि आश्रम खर्च करणार नाही. छायाचित्रकाराने समोरच्याला थांबवायचे नाही, स्वतः थांबायचे, हा या अटींचा गर्भितार्थ होता.

या अटी श्वानांसाठी नव्हत्या, हे उघड आहे. परंतु मोकळ्या जागेत कुत्र्याचे चित्र घेणाऱ्यास त्यांपैकी पहिल्या दोन जशाच्या तशा लागू पडतात. कुत्र्याच्या डोळ्यातील परावर्तक पडद्यामुळे फ्लॅशच्या प्रकाशात डोळे चमकतात आणि बुजरा कुत्रा त्या झोताने अधिकच बिचकतो. भिंगाचा रोखलेला गोल त्याला टक लावून पाहणाऱ्या डोळ्यासारखा वाटू शकतो. म्हणून कॅमेरा बाजूला ठेवून प्रथम जमिनीवर बसणे, त्याला स्वतःहून जवळ येऊन हुंगू देणे आणि नंतर लांब पल्ल्याच्या भिंगाने अंतर राखून चित्र घेणे इष्ट ठरते. वारंवार जांभई देणे, ओठ चाटणे, मान फिरवणे ही अस्वस्थतेची लक्षणे दिसताच थांबणे आवश्यक असते. चपळ कुत्र्याला आधी मनसोक्त धावू द्यावे लागते. सेकंदाच्या पाचशेव्या ते हजाराव्या भागाचा शटरवेग ठेवल्यास त्याची धाव स्पष्ट पकडता येते. वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जात असल्याने सकाळचा कोवळा प्रकाश हा चित्राच्या दृष्टीने उत्तम आणि प्राण्याच्या दृष्टीने अपरिहार्य ठरतो.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की, छायाचित्रणाने आरंभी आज्ञाधारकांचा इतिहास जतन केला. स्थिर राहणारा टिकला. बुजरा आणि चपळ दोघेही निसटले. आज मोबाइलच्या कॅमेऱ्यानेही धावता कुत्रा टिपता येतो. तांत्रिक सबब उरलेली नाही. उरली आहे ती संयमाची उणीव. महाविद्यालयांनी ग्रामइतिहासाचे दस्तऐवजीकरण करताना घर, देऊळ व विहिरीसोबत गावच्या कुत्र्याचेही छायाचित्र घ्यावे आणि त्याखाली हाकेचे नाव, स्थळ व दिनांक नोंदवावा. नोंद नसलेले चित्र काही वर्षांनी मुके होते. ज्याला थांबवता येत नाही त्याच्यासाठी थांबण्याची तयारी असेल, तरच पुढील अभ्यासकाच्या हाती अधिक न्याय्य पुरावा पडेल.