जॉन कोल्ट्रेन : स्वरसंगतीतून आधारस्वराकडे

एखाद्या वादकाच्या जडणघडणीचा विचार करताना आपण बहुधा नावांची यादी करतो. हा अमक्याकडे शिकला, तमक्याला ऐकून भारावला. जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची (1926–1967) अशी यादी लांबलचक होते आणि तरीही तिच्यातून फारसे उलगडत नाही. चार्ली पार्करला ऐकून भारावलेले तरुण सॅक्सोफोनवादक त्या काळी अमेरिकेत शहरोशहरी होते. माझे प्रतिपादन असे की, प्रभाव रुजायला वादकापुढे एखादा सांगीतिक प्रश्न आधीच उभा असावा लागतो. कोल्ट्रेनपुढचा प्रश्न बराच काळ एकच राहिला : वाहत्या सुरावटीला आधार किती लागतो, आणि तो कुठून मिळवायचा?

नॉर्थ कॅरोलायनात धर्मोपदेशकांच्या घराण्यात बालपण, 1943 मध्ये फिलाडेल्फिया, तिथे डेनिस सँडोल यांच्याकडे स्वरसंगतीचे पक्के शिक्षण, मग डिझी गिलेस्पी आणि जॉनी हॉजेस यांच्या वाद्यवृंदांत उमेदवारी. 1955 मध्ये माइल्स डेव्हिसने त्याला आपल्या पंचकात घेतले आणि 1957 मध्ये हेरॉइनच्या व्यसनापायी काढून टाकले. त्याच वर्षी कोल्ट्रेनने व्यसन सोडले आणि न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट या क्लबमध्ये तो पियानोवादक थेलोनियस मंकबरोबर वाजवू लागला.

मंककडून त्याला काय मिळाले, हे नीट पाहायला हवे. टेनर सॅक्सोफोनवर एका वेळी दोन-तीन स्वर कसे काढावेत, हे मंकने दाखवल्याचे त्याने स्वतः नमूद केले आहे. पण मला अधिक मोलाची वाटते ती मंकची दुसरी सवय. वादन रंगात आले की तो पियानो सोडून उठायचा. स्वरसंगती पुरवणारा हातच नाहीसा व्हायचा, आणि बास व ड्रम्सच्या सोबतीने सगळा सांगाडा कोल्ट्रेनला स्वतःच्या फुंकीतून उभा करावा लागायचा. पुढच्या दोन वर्षांतले त्याचे घनदाट वादन मला या सरावाचे फळ वाटते. एका स्वरसंगतीवर तो मनातल्या मनात आणखी दोन-तीन स्वरसंगती चढवी आणि साऱ्यांचे स्वर पाचा-सातांच्या विषम गटांत ओतून टाकी. 1958 मध्ये समीक्षक आयरा गिट्लरने या शैलीला स्वरांच्या चादरींची उपमा दिली.

मे 1959 मध्ये ध्वनिमुद्रित झालेली ‘जायंट स्टेप्स’ ही या वाटेची परिसीमा. तिची रचना आपल्या परिभाषेत सहज सांगता येते. सप्तकाचे बारा स्वर तीन सारख्या भागांत विभागले की सा, शुद्ध गांधार आणि कोमल धैवत असे तीन मुक्काम मिळतात. कोल्ट्रेनने तिघांनाही षड्जाचा मान दिला, त्यामुळे दर दोन-तीन स्वरसंगतींमागे षड्जच सरकतो. मिनिटाला सुमारे 290 ठोक्यांच्या लयीत प्रत्येक स्वरसंगतीच्या वाट्याला बहुधा अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ येतो. टॉमी फ्लॅनगनसारखा कसलेला पियानोवादकही त्या ध्वनिमुद्रणात अडखळलेला ऐकू येतो.

नेमक्या त्याच वसंतात, माइल्सकडे परतलेला कोल्ट्रेन त्याच्या ‘काइंड ऑफ ब्लू’मध्येही वाजवत होता. त्यातल्या ‘सो व्हॉट’ची पहिली सोळा मापे एकाच स्वरसप्तकावर उभी आहेत. आपल्या काफी थाटाचेच हे स्वर. मधली आठ मापे तेच स्वर अर्ध्या स्वराने वर सरकतात आणि शेवटची आठ पुन्हा मूळ जागी येतात. कोल्ट्रेनची गोष्ट सांगताना बहुतेक जण ‘आधी स्वरसंगती, मग असे एकाच स्वरसप्तकावरचे मोडल संगीत’ असे दोन सुटे कालखंड पाडतात. तारखाच ते मान्य करत नाहीत. दोन्ही प्रयोग एकाच माणसाच्या हातून एकाच ऋतूत चालले होते.

1960 च्या ऑक्टोबरात त्याने सोप्रानो सॅक्सोफोनवर ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ वाजवले. नाटकातले हे सुटसुटीत गाणे तेरा मिनिटांहून अधिक चालते, कारण मूळच्या स्वरसंगती बाजूला ठेवून विस्तार एका स्थिर आधारावर होतो. पुढच्या वर्षी व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबमध्ये मुद्रित झालेल्या ‘इंडिया’त दोन बास एकत्र आहेत आणि त्यांच्या अखंड गुंजनातून तानपुऱ्याची आठवण होते.

इथे मराठी श्रोत्याने हुरळून जाऊ नये, असे मला वाटते. पंडित रविशंकर यांच्या ध्वनिमुद्रिका कोल्ट्रेन मनापासून ऐकत होता. पुढे त्यांची भेट झाली, आणि 1965 मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव त्याने रवी ठेवले. तरीही तो राग वाजवत नव्हता. त्याच्या वादनात वर्ज्य स्वर असा नसतोच. रविशंकरांनाही त्याच्या संगीतातली खळबळ अस्वस्थ करणारी वाटली होती. त्याने आपल्याकडून घेतला तो स्थिर षड्जाचा धीर. त्या षड्जापासून किती दूर जायचे, हे त्याने स्वतः ठरवले.

9 डिसेंबर 1964 रोजी मुद्रित झालेल्या ‘अ लव्ह सुप्रीम’मध्ये हे दिसते. पहिल्या भागात बासवर चार स्वरांची एक छोटी आकृती घोळत राहते. शेवटाकडे कोल्ट्रेन तीच आकृती बाराही षड्जांवरून फिरवतो, आणि खालचा आधार मात्र हलत नाही. ‘जायंट स्टेप्स’मधली भटकंती आणि ‘इंडिया’तली स्थिरता एकाच वेळी ऐकू येतात. चौथ्या भागात तो स्वतः लिहिलेली प्रार्थना शब्दागणिक सॅक्सोफोनवर म्हणतो. वाक्य उचलणे, एका स्वरावर रेंगाळणे, शेवटी खाली उतरणे, ही कृष्णवर्णीय चर्चमधल्या प्रवचनाची लकब आहे. लहानपणी कानांवर पडलेला हा सर्वांत जुना संस्कार त्याच्या अडतिसाव्या वर्षी असा उघडपणे वर आला. शब्दांवाचून बोलायची गरज निर्माण झाली, तेव्हाच या संस्काराचे काम पडले.

फेब्रुवारी 1967 मध्ये, मृत्यूच्या पाच महिने आधी, ‘इंटरस्टेलर स्पेस’साठी तो केवळ ड्रमवादक रशीद अलीला घेऊन स्टुडिओत गेला. पियानो नाही, बास नाही. तो मंद्रात एखादा स्वर रोवतो, लगेच तारसप्तकात उडी घेऊन त्याला उत्तर देतो आणि पुन्हा खाली येऊन तो स्वर पक्का करतो. आधार आणि विस्तार ही दोन्ही कामे तिथे एकाच वाद्यातून होतात.