स्फोटानंतर उरलेली धूळ

दौंड तालुक्यातील पाटस आणि शिरूर तालुक्यातील न्हावरे येथील साखर कारखाने या भागातल्या शिक्षकांच्या परिचयाचे आहेत. साखरेचा खडा मेणबत्तीवर धरला तर तो वितळतो, करपतो. सहसा पेटत नाही. तीच साखर मैद्यासारखी बारीक होऊन बंद जागेत हवेत पसरली आणि ठिणगी पडली, तर मात्र स्फोट होतो. असा स्फोट झाल्यावर त्याचे कारण शोधायचे कसे?

याची एक जुनी हकिगत आहे. सप्टेंबर १८४४ मध्ये इंग्लंडमधील हॅसवेलच्या कोळसा खाणीत ९५ माणसे व मुले दगावली. चौकशीसाठी सरकारने मायकेल फॅराडे आणि भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांना पाठवले. खाणीतील हवेचा वेग मोजण्याची तिथली रीत अजब होती. मेणबत्तीच्या ज्योतीवर चिमूटभर बंदुकीची दारू टाकायची आणि तिचा धूर किती वेळात पुढे सरकतो ते पाहायचे. दारूची पिशवी कुठे आहे, असे फॅराडेंनी विचारले, तेव्हा ते स्वतःच तिच्यावर बसलेले निघाले!

संशय अर्थातच खाणीतील ज्वालाग्राही वायूवर होता. फॅराडे आणि लायेल यांनी खांबांवर, भिंतींवर बसलेला थरही तपासला. भिंगाखाली त्यात वितळून गोल झालेले कण दिसले. मग त्याच खाणीतील न जळलेल्या कोळशाची पूड करून दोन्हींची रासायनिक तुलना केली. थरातील डांबरी अंश बहुतांशी उडून गेलेला होता. म्हणजे वायू पेटला हे खरे, पण उडालेली धूळही जळली होती. जळलेल्याशेजारी न जळलेला नमुना ठेवणे, ही साधी युक्ती तपासनीस आजही वापरतात.

धुळीचा हा इशारा खाणमालकांनी मनावर घेतला नाही. १९०६ साली फ्रान्समधील कुरिएर येथे १०९९ जण गेले, तेव्हा कुठे मुद्दाम स्फोट घडवून पाहण्यासाठी प्रायोगिक बोगदे उभे राहू लागले. पुढे हेच काम टेबलावर मावणाऱ्या हार्टमन नळीत होऊ लागले. तळाशी पूड ठेवायची, हवेच्या झोताने ती उडवायची आणि ठिणगी द्यायची. आता २० लिटरच्या पोलादी गोलात दाब किती वेगाने चढतो, तेही मोजतात.

चौकशीत नुसते ‘ठिणगी कोणाची?’ एवढेच विचारले, तर बोट बहुधा कामगाराच्या बिडीकडे जाते. धूळ किती साचली होती, हा प्रश्न चाचणीमुळे पुढे येतो. २००८ साली अमेरिकेत जॉर्जियातील एका साखर शुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन १४ कामगार मरण पावले. तिथेही पहिल्या स्फोटाने मजल्यांवर साचलेली साखर उडवली आणि पुढचे स्फोट तिचेच झाले.