मराठी डेस्कटॉप आणि चाचणी आवृत्त्या

मुक्त-स्रोत डेस्कटॉपच्या प्रसारामागे मोठ्या जाहिरातींचे बळ फारसे नव्हते. काम पूर्ण होण्याआधीच ते लोकांच्या हाती देण्याच्या रीतीने त्याला वापरणारे मिळवून दिले. ग्नोम या डेस्कटॉपने तर क्रमांकांतच ही सोय केली होती: २.१, २.३ या विषम आवृत्त्या चाचणीसाठी, २.२, २.४ या सम आवृत्त्या रोजच्या वापरासाठी. फायरफॉक्स या ब्राउझरने १.० पूर्वीची आवृत्ती १४ सप्टेंबर २००४ रोजी 'प्रीव्ह्यू रिलीज' म्हणूनच काढली. दहा दिवसांत दहा लाख डाउनलोडचे लक्ष्य ठेवले होते. मुदतीच्या बरेच आधी ते गाठले गेले. या रीतीत धोकाही होता. जानेवारी २००८ मध्ये केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपची ४.० आवृत्ती आली, तेव्हा ती रोजच्या कामासाठी तयार नव्हती. अनेकांनी मात्र ती पक्की समजून वापरली आणि ते नाराज झाले.

मराठीसाठी या आवृत्त्यांचे मोल वेगळे होते. इथे आधी अक्षरे नीट दिसायला हवी होती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले 'लोहित' फॉन्ट रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००४ मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुले केले. पहिल्या संचात हिंदी होती, मराठी नव्हती; मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' पुढे आले. त्याहून अवघड होता तो 'शेतकऱ्यांना' हा शब्द. धाराशिवसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात तो टाळून सरकारी कागद लिहिणे अवघड. त्यातल्या 'ऱ्या'चा नियम फॉन्टमध्ये नसेल, तर 'ऱ'चा पाय मोडलेला दिसतो. साधा 'र' टंकला तर 'य'वर रफार चढतो. 'ॲ'ला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ च्या ५.१ आवृत्तीत.

असे दोष मराठी वाचणाऱ्यालाच चटकन दिसतात, आणि ते कळवण्याची योग्य वेळ म्हणजे बीटा, प्रकाशनाआधीची चाचणी आवृत्ती. अनुवादाच्या बाबतीत घाई अधिक असते. 'स्ट्रिंग फ्रीज' झाला की मूळ इंग्रजी मजकूर बदलत नाही, आणि तेथून प्रकाशनापर्यंतच्या थोड्या आठवड्यांत अनुवादकांना राहिलेले सगळे पुरे करायचे असते. त्यात सुटलेला मेनू पुढच्या आवृत्तीपर्यंत इंग्रजीतच राहतो. हे काम स्वयंसेवकांनीही उचलले, आणि त्याची दखल फार कमी घेतली गेली. नोव्हेंबर २०११ मध्ये पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि जून २०१५ मध्ये पुन्हा पुण्यातच फेडोरा या लिनक्स प्रणालीच्या 'फडकॉन' परिषदा भरल्या, तेव्हा हे लोक प्रत्यक्ष एकत्र आले.

लाइव्ह सीडीने चाचणी सोपी केली. हार्ड डिस्कला हात न लावता संगणक चाचणी आवृत्तीवर सुरू होतो. आता सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली आहे. फेडोराने २०१७ मध्ये २७ व्या आवृत्तीपासून बीटाआधीची अल्फा बंद केली, बीटा मात्र चालू ठेवली. कळंब, उमरगा, तुळजापूरच्या महाविद्यालयांतील संगणक शिक्षकांनी पुढची बीटा विद्यार्थ्यांसमोर जरूर चालवावी, आणि 'शेतकऱ्यांना' नीट उमटले नाही तर तसे कळवावे.