जपानी किटल्यांची पारख : नव्या संग्राहकासाठी प्रस्तावना

नाशिककराला भांड्यांची पारख शिकवावी लागत नाही. इथल्या भांडी बाजारात घाट, वजन आणि आवाज पाहून तांब्या-पितळेची खरेदी पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. ती जाणती नजर थोडी चिनी मातीकडेही वळावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू. जुन्या जपानी किटल्यांचा विषय दूरदेशीचा वाटेल. पण मुंबई इलाख्याचा जपानशी जुना व्यापारी संबंध आहे. १८९३ मध्ये जमशेदजी टाटांच्या पुढाकाराने निप्पॉन युसेन काइशा या कंपनीची मुंबई-कोबे जहाजे सुरू झाली, ती मुख्यतः कापसासाठी. पुढे त्यांच्याच मुलांनी, सर रतन आणि सर दोराबजी यांनी, जमवलेल्या चिनी-जपानी कलावस्तू मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाला मिळाल्या.

जपानमध्ये पोर्सेलीन घडू लागले ते सतराव्या शतकाच्या आरंभी, क्यूशू बेटावरील आरिता परिसरात. शतकाच्या मध्यानंतर डच व्यापाऱ्यांनी ते युरोपात नेले. १८६८ नंतरच्या मेइजी काळात निर्यातीला जोर आला आणि कुतानी भांड्यांची लाल-सोनेरी नक्षी जगभर पोहोचली. १९०४ मध्ये नागोयाजवळ नोरिताके कंपनीचा पाया घातला गेला.

संग्राहकाला किटलीचे आकर्षण का, हे या निर्यातीच्या इतिहासातूनच उमगते. ती घडवणाऱ्याइतकीच विकत घेणाऱ्याचीही ओळख देते. जपानी घरातली हिरव्या चहाची किटली लहान असते आणि तिची मूठ बहुधा तोटीच्या काटकोनात, बाजूला असते. मागे कान असलेली, दूधदाणी आणि साखरदाणीसोबत येणारी मोठी किटली परदेशी गिऱ्हाइकासाठी घडलेली. शिवाय तोटी, कान आणि झाकण एकमेकांशी जुळवणे हे कारागिराच्या कसबाचे काम. झाकण आधी फुटते, म्हणून मूळ झाकणासह टिकलेल्या किटलीला मोल अधिक.

वाचकांनी सुरुवात बुडावरच्या शिक्क्यापासून करू नये. शिक्क्यांची नक्कल सर्रास होते. आधी किटली उजेडासमोर धरा. पातळ पोर्सेलीनमधून उजेड झिरपतो. सात्सुमा या जपानी प्रकारची भांडी मात्र पोर्सेलीन नव्हेत, त्यांतून तो झिरपत नाही. मग हलकी टिचकी मारा : अखंड भांडे खणखणते, चीर गेलेले बद्द वाजते. भिंगातून नक्षी पाहा. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छापील. शिक्का त्यानंतर. अमेरिकेच्या १८९० च्या कायद्यामुळे तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचे नाव आवश्यक झाले. ‘निप्पॉन’ हा शिक्का साधारण १८९१ ते १९२१ या काळातला, ‘जपान’ त्यानंतरचा, तर ‘ऑक्युपाईड जपान’ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी ताब्यातल्या वर्षांतला.

खरेदीची घाई नको. नाशिकहून मुंबई काही तासांवर आहे; छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातले टाटा संग्रह आधी डोळे भरून पाहा, मग चोरबाजारात भाव विचारा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू परदेशी पाठवण्यावर १९७२ च्या कायद्याने निर्बंध आहेत, हेही ध्यानात असू द्या. आणि आजीच्या कपाटातला जुना टीसेट कुणाला देऊन टाकण्यापूर्वी या क्रमाने एकदा तपासा. तुमच्या संग्रहाची पहिली किटली कदाचित घरातच असेल.